ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला घरी सुपरचार्जर: ब्लोअर बसवण्याआधी इंजिन मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी घेतलेली १९७२ची ॲम्बेसेडर मार्क २ पुण्यात तुमच्या घरी आहे, इंजिन मूळचंच १४८९ सीसी पेट्रोल. इंग्लंडमधला नातेवाईक मिनी कूपर एस गाडीतून निघालेला ईटन एम ४५ सुपरचार्जर (म्हणजे ब्लोअर: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंप) आणून द्यायला तयार आहे. तो घरच्या गॅरेजात बसवायचा आहे, तर बूस्ट, म्हणजे ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब, किती ठेवावा आणि आहे तो कार्ब्युरेटर चालेल का?

मी कोल्हापुरात गेली २६ वर्षं जुन्या गाड्यांची इंजिनं बांधतो. आजवर पाच इंजिनांवर सुपरचार्जर बसवले, त्यातली तीन तुमच्यासारखीच ॲम्बेसेडरची. त्या अनुभवावरून पहिलंच सांगतो. ब्लोअर जागेवर बसवणं हे यातलं सोपं काम आहे. एक चांगला टर्नर आणि एक चांगला वेल्डर ओळखीचा असेल तर चार रविवारांत होतं. कठीण आहे ते नंतरचं: वाढलेल्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देणं, ठिणगी योग्य वेळी पाडणं आणि तयार होणारी उष्णता बाहेर काढणं. तुम्ही ‘किती पीएसआय’ (दाब मोजायचं एकक) विचारता, पण खरा प्रश्न ‘माझं हे इंजिन, आजच्या अवस्थेत, किती सोसेल’ हा आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या इंजिनातच आहे. ते बाहेर कसं काढायचं तेवढं मी सांगू शकतो.

आधी दिलासा देणारी गोष्ट. तुमचं इंजिन म्हणजे इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी-सिरीज. १९५५मध्ये आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, फक्त हेड, कार्ब्युरेटर आणि कॉम्प्रेशन वेगळं. त्या काळात अमेरिकेतली जडसन आणि इंग्लंडमधली शोरॉक अशा कंपन्या या इंजिनासाठी सुपरचार्जर विकत होत्या आणि लोक घरी बसवत होते. म्हणजे तुमची कल्पना अचाट नाही. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोल ॲम्बेसेडरचं मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट आवळतो ते प्रमाण, ७.२ च्या आसपास, म्हणजे कमी. साध्या इंजिनात हा कमीपणा समजला जातो, ब्लोअर लावताना तोच उपयोगी पडतो. कॅमशाफ्टही सौम्य आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी फार काळ उघडे राहत नाहीत, त्यामुळे दाबाने भरलेलं मिश्रण सायलेन्सरवाटे फुकट जात नाही.

आता दुसरी बाजू. क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, फक्त तीन मेन बेअरिंग आहेत. पिस्टन साधे ओतीव. आणि हेडमध्ये इनलेटची तोंडं चार नसून दोनच: १ आणि २ नंबरला मिळून एक, ३ आणि ४ला मिळून एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे प्रत्येक जोडीतले दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात आणि दुसरा पहिल्याच्या वाट्यातलं ओढून घेतो. परिणाम हा की चारही सिलिंडरांना सारखं मिश्रण कधीच मिळत नाही. साध्या इंजिनात हे खपून जातं. बूस्टवर मात्र सरासरी मिश्रण बरोबर दिसत असताना एखादा सिलिंडर कोरडा, म्हणजे कमी पेट्रोलवर, जळत असू शकतो. म्हणून मी कधीही एकाच मीटरवर विसंबत नाही, चारही प्लग काढून शेजारीशेजारी मांडून बघतो.

कामाला हात लावण्याआधी कागदपत्रांचं बोलून घेऊ, कारण तुमच्या बाबतीत ते इंजिनाइतकंच महत्त्वाचं आहे. गाडी १९७२ची, म्हणजे ५० वर्षं उलटून गेली. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले, त्यात ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण त्याच नियमांच्या व्याख्येत गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, असं म्हटलेलं आहे. सुपरचार्जर लावलेलं इंजिन मूळ स्वरूपातलं म्हणता येणार नाही. साधी नोंदणी ठेवली तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा. वडिलांची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ते पाऊल आधी विचारात घ्या. मी प्रत्येकाला एक अट घालतो: मूळ मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी), कार्ब्युरेटर, पुली, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) यातलं काहीही विकायचं नाही, आणि ब्लॉकला किंवा बॉडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. दोन दिवसांत गाडी होती तशी करता आली पाहिजे.

आता इंजिन मोजू. गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन टेस्ट घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब गेजवर मोजा. किती पीएसआय आलं यापेक्षा चौघांत फरक किती हे बघा. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर थांबा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वर उडाला तर रिंगा गेल्या आहेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग बघावं लागेल. ऑइलचं प्रेशर गाडी पूर्ण तापल्यावर, चालत्या वेगाला ४० पीएसआयच्या आसपास नसेल तर आधी बेअरिंग उघडा. थकलेल्या इंजिनावर ब्लोअर लावायला मी सरळ नकार देतो, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

यानंतर हेड उतरवा. हे टाळू नका. कारण ५० वर्षांत ते हेड किती वेळा घासून घेतलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. एका सिलिंडरचं स्ट्रोकचं आकारमान ३७२ सीसी. कॉम्प्रेशन ७.२ असेल तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा साधारण ६० सीसी असते. ती जागा ५१ वर आली की कॉम्प्रेशन ८.३ झालं. फक्त नऊ सीसीचा फरक, दोन चमचेही नाही. चेंबरवर ॲक्रिलिकची जाड पट्टी ग्रीस लावून बसवा, तिच्या भोकातून ब्युरेटने रॉकेल सोडा आणि आकडा लिहा. त्यात पॅकिंगच्या जाडीची आणि पिस्टनच्या माथ्यावरची जागा मिळवा. चारही सिलिंडरांचं वेगवेगळं मोजा.

याचं महत्त्व हिशेबाने दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर. तिथे हवेचा दाब १४.७ नसून १३.७ पीएसआयच्या आसपास असतो. त्यावर ५ पीएसआय बूस्ट म्हणजे दाब १.३६ पट. ७.२ ला १.३६ ने गुणलं तर ९.८ येतं. ८.३ ला गुणलं तर ११.३. हा अंदाजाचा हिशेब आहे, शास्त्रशुद्ध नव्हे, पण ओतीव लोखंडाच्या हेडला पंपावरच्या साध्या पेट्रोलवर मी दहाच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे तेच इंजिन, तोच ब्लोअर, तीच पुली, आणि घासलेल्या हेडमुळे एकाकडे गाडी वर्षानुवर्षं चालते तर दुसऱ्याकडे पहिल्याच घाटात पिस्टन जातो. तुमचं ७.२ निघालं तर ५ पीएसआय ठेवा. ८च्या पुढे निघालं तर आधी कॉम्प्रेशन उतरवा किंवा ब्लोअरचा नाद सोडा.

हेड उतरलेलंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट बदलून घ्या. हे इंजिन शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं. आपल्याकडे २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि तेव्हापासून जुन्या लोखंडी सीट हळूहळू खचतात. बूस्टवर एक्झॉस्ट जास्त तापतो, मग हे खचणं वेगाने होतं. कडक सीटचे इन्सर्ट बसवणं आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्या हेडवाल्याला जमतं.

आता तुमच्या एम ४५कडे येऊ. त्याचा एका फेऱ्यातला फेक ७३७ सीसी. तुमचं इंजिन चार स्ट्रोकचं, म्हणजे एका फेऱ्यात फार तर ७४५ सीसी ओढणार, आणि खरं पाहता त्याच्या ८५ टक्के. ५ पीएसआयला दाब ३६ टक्के वाढतो, पण दाबली गेलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ असते. ३५ अंशांची हवा रूट्स जातीच्या (एम ४५सारख्या, दोन रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) ब्लोअरमधून ५ पीएसआयवर बाहेर येताना ८० अंशांच्या पुढे गेलेली असते. त्यामुळे हवेचं वजन ३६ टक्के वाढत नाही, १५ ते २५ टक्केच वाढतं. हे सगळं मांडलं की ब्लोअरने इंजिनाच्या दर फेऱ्याला ७५० ते ८०० सीसी बाहेरची हवा आत ढकलायला हवी. एम ४५ इतक्या कमी वेगावर गळतीमुळे ८० टक्केच काम करतो, म्हणजे ५९० सीसी. तेव्हा इंजिनाच्या एका फेऱ्याला ब्लोअरचे सव्वा ते १.३५ फेरे. ब्लोअरची पुली १०० मिलिमीटरची असेल तर क्रँकची १२५ ते १३५.

हा आकडा सुरुवातीचा आहे. क्रँकची पहिली पुली लहान बाजूने, १२५ची करून घ्या, गेजवर काय दिसतं ते बघा आणि मग वर जा. उलट करू नका. खरं बोलायचं तर तुमच्या इंजिनाला एम ४५ थोडा मोठाच आहे. इंजिन ४,५०० आरपीएमला असताना तो सहा हजारांच्या आसपासच फिरेल, मिनीमध्ये तो याच्या दुपटीहून जास्त फिरायचा. एका फेऱ्याला ५०० सीसी देणारा जपानी ऐसिन एएमआर ५०० या इंजिनाला नेमका बसतो, त्याला १.९ पटीने फिरवावं लागतं. पण एम ४५ फुकट मिळत असेल तर तो नाकारण्यासारखं काही नाही. कमी वेगामुळे तो आवाजही कमी करतो.

मिनीच्या ब्लोअरबद्दल मात्र एक गोष्ट नीट बघून घ्या. त्या गाडीत पाण्याचा पंप ब्लोअरच्या मागच्या टोकावरून फिरतो. त्यासाठी मागे गिअर आणि त्याचं स्वतःचं ऑइल असलेली छोटी पेटी असते. पुढच्या तोंडाची ऑइलची पेटी वेगळी. वापरलेल्या ब्लोअरमध्ये मागची पेटी कोरडी पडलेली असण्याची शक्यता दाट. दोन्हीकडचं ऑइल काढून ब्लोअरसाठीचंच नवं ऑइल मोजून भरा. पंपाचं टोक वापरात नसल्यामुळे तिथे सील असलेलं बंद झाकण टर्नरकडून करून घ्या. रोटर हाताने फिरवा: कुठे घासता कामा नये, दोन रोटरांत खडखड जाणवता कामा नये, आणि वरचं कोटिंग पापुद्र्यांनी सुटलेलं असेल तर तो ब्लोअर घेऊच नका.

कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी लावायचा की नंतर, या प्रश्नाला मी घरगुती कामासाठी एकच उत्तर देतो: आधी. नंतर लावला तर कार्ब्युरेटरच्या आत दाब येतो, मग त्याचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) सीलबंद करावा लागतो, पेट्रोलचं प्रेशर बूस्टबरोबर वर-खाली करणारा रेग्युलेटर लागतो, आणि यातलं एक चुकलं की गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं. आधी लावला तर कार्ब्युरेटरला बूस्टची खबरही लागत नाही, त्याला वाटतं इंजिन मोठं झालंय. शिवाय पेट्रोल ब्लोअरमधून जाताना उडून जातं आणि हवा थोडी थंड करतं. जुन्या काळच्या बहुतेक किटांची रचना हीच होती.

आहे तो सोलेक्स कार्ब्युरेटर चालेल का? इंजिन सुरू होईल, गाडी चालेलही, पण मी तो ठेवणार नाही. त्याची जेट ठरावीक हवेसाठी निवडलेली असतात आणि वरच्या आरपीएमला तो गळा आवळतो. इंग्लिश एसयू कार्ब्युरेटर, पावणेदोन इंची, या कामाला फार समजूतदार. त्याचा पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे आपोआप वर-खाली होतो आणि सगळं मिश्रण एका निमुळत्या सुईवर ठरतं. सुई बदलली, नाहीतर बारीक एमरीने घासून पातळ केली, की हव्या त्या टप्प्यावर पेट्रोल वाढवता येतं.

इथे आजच्या पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ठोक्याला, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला, चांगलं तोंड देतं आणि उडताना हवा जास्त थंड करतं, म्हणजे ब्लोअरवाल्याला ते या बाबतीत मित्रच. पण त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. त्याच जेटवर, त्याच सुईवर इंजिन सात-आठ टक्के लीन, म्हणजे गरजेपेक्षा कमी पेट्रोलवर, चालतं. साध्या ॲम्बेसेडरला हे जाणवत नाही. बूस्टवर ते पिस्टन खातं. म्हणून एक्झॉस्ट पाइपला नट वेल्ड करून वाइडबँड लॅम्डा मीटर लावा, आणि त्याच्यावर हवा-पेट्रोलचं प्रमाण न बघता थेट लॅम्डा बघा: १ म्हणजे हवा नेमकी पुरेल इतकी, त्याखाली पेट्रोल जास्त, त्यावर कमी. बूस्टवर ०.८० ते ०.८५. याच्या वर गेलं की पाय उचला.

आणि आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती नेमकी याच ठिकाणची आहे. दुसऱ्या ॲम्बेसेडरवर ब्लोअर बसवला तेव्हा सपाट रस्त्यावर सगळं नीट होतं. तिसऱ्या गिअरमध्ये दहा-पंधरा सेकंद पूर्ण ताण देऊन मी मीटर बघत होतो, लॅम्डा ०.८२. खूश होऊन चार माणसं बसवून आंबा घाट चढायला घेतला. अर्ध्या चढावर मीटर सरकत सरकत ०.९५ वर गेलं. माझी नजर वळणावर होती. वर पोचेपर्यंत ४ नंबरच्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली होती आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येत होता. उघडून शोधलं तेव्हा कार्ब्युरेटर, सुई, पंप, सगळं निर्दोष. टाकीपासून निघालेल्या लोखंडी नळीला जोडणारा वीतभर जुना रबरी पाइप आतून फुगून अरुंद झाला होता. थोडा वेळ ताण दिला की फ्लोट बाऊलमधला साठा पुरायचा, चढावर दोन मिनिटं सलग मागणी आली की बाऊल रिकामा व्हायला लागायचा. मी पुढचं सगळं नवं केलं होतं आणि मागचा तो तुकडा तसाच राहू दिला होता.

तेव्हापासून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकही जुनं रबर ठेवत नाही, इथेनॉलला टिकणारंच घालतो. आणि पेट्रोल मोजतो. कार्ब्युरेटरजवळची नळी काढून मापात एक मिनिट सोडायची, पण इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, बॅटरीपासून लांब आणि अग्निशामक हाताशी ठेवून. ६० हॉर्सपॉवरला पूर्ण ताणावर मिनिटाला साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर लागतं. मला मापात ८०० दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही.

ठिणगीचं बघू. बूस्टवर मिश्रण दाट असतं, लवकर जळतं, म्हणून टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते: ढोबळ मानाने दर पीएसआयला एक अंश. मी व्हॅक्यूमची नळी काढून, ३,००० आरपीएमला टायमिंग लाइटने एकूण ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) मोजतो आणि ५ पीएसआयला २४ ते २६ अंशांवर सुरुवात करतो. पॉवर थोडी कमी वाटेल, वाटू द्या. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरवरच्या बारीक तोंडालाच जोडा. ब्लोअरनंतरच्या मॅनिफोल्डला जोडली तर तिच्यात दाब घुसतो आणि डिस्ट्रिब्युटरचा पडदा फाटतो. प्लगमधली फट थोडी कमी, ०.६ मिलिमीटर, कारण दाबाखाली ठिणगीला उडी मारणं जड जातं. प्लग एक पायरी थंड. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. दुकानदार कधी कधी ‘एक नंबर वरचा’ म्हणून नेमका उलटा प्लग देतो, म्हणून डबीवरचा आकडा स्वतः वाचा.

मॅनिफोल्ड आणि ब्रॅकेटचं काम करताना गाडीची मूळ मांडणी आपल्याला मदत करते. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे डावीकडे जागा भरपूर. पण ब्लोअर एक्झॉस्टच्या डोक्यावर येतो. मध्ये पत्र्याची दुहेरी ढाल हवी आणि कार्ब्युरेटरखाली हायलमचा (उष्णता अडवणाऱ्या पाटीचा) जाड तुकडा हवा, नाहीतर उन्हाळ्यात सिग्नलला पेट्रोल बाऊलमध्येच उकळेल. ब्रॅकेट आधी प्लायवूडमध्ये कापून बघा, बॉनेट बंद होतं का बघा, मग १० ते १२ मिलिमीटर पाटीत करा. ते हेडच्या आणि ब्लॉकच्या मूळ बोल्टांवरच बसवा आणि त्याला तिरपा आधार द्या. लोंबकळत्या ब्रॅकेटने पट्टा रोज उडतो.

पट्टा फॅनबेल्टसारखा व्ही नको, सहा रिबांचा चपटा घ्या. तो पुलीला निम्म्याच्या आसपास तरी विळखा घालेल अशी आयडलर पुली (पट्टा ताणून धरणारी मोकळी पुली) सैल बाजूला ठेवा. ब्लोअर पट्ट्याच्या रिबांच्या बाजूनेच फिरवा, पाठीवर घेतला तर उलटा फिरेल. तीनही पुल्या एका रेषेत आहेत का हे सरळ पट्टी टेकवून तपासा. फॅन आणि डायनॅमोचा मूळ पट्टा वेगळाच राहू द्या, म्हणजे ब्लोअरचा पट्टा तुटला तरी पाणी फिरत राहील आणि तुम्ही घरी पोचाल.

एक गोष्ट कुणी काटकसर म्हणून गाळू नये: मॅनिफोल्डवरचा स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटर आधी असल्यामुळे ब्लोअर आणि मॅनिफोल्ड दोन्ही पेट्रोलच्या मिश्रणाने भरलेले असतात. टायमिंग चुकून आतल्या बाजूला भडका उडाला तर त्या दाबाला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ब्लोअर फुटतो. बूस्टपेक्षा तीन-चार पीएसआय वर उघडेल असा ठेवा, आणि त्याचं तोंड माणसाकडे किंवा वायरिंगकडे नको. गाडीत अग्निशामक कायमचा ठेवा. क्रँककेसचा ब्रीदर ब्लोअरच्या आधीच्या, दाब नसलेल्या बाजूलाच जोडा.

रेडिएटरचा कोअर जुना असेल तर नवा भरून घ्या, त्यावर वेगळं सांगायला नको. ब्रेकवर मात्र सांगतो. चारही चाकांना ड्रम, आणि तेही ५० हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी. लायनर, व्हील सिलिंडर, होज नवे झाल्याशिवाय ब्लोअरची पुली जोडू नका.

आणि अपेक्षा किती ठेवावी? पन्नासचे शंभर होत नाहीत. ५ पीएसआयला ६० ते ६५ हॉर्सपॉवर, त्यातलेही चार-पाच ब्लोअर फिरवण्यात जातात. पण ही वाढ खालच्या आरपीएमला मिळते. खंबाटकीच्या चढावर जिथे दुसरा टाकावा लागायचा तिथे गाडी तिसऱ्यात चढते, भरलेली असतानाही. मला या कामाची ओढ लागली ती त्या चढासाठीच.

पहिले दोनशे किलोमीटर अर्ध्याच्या वर पाय देऊ नका. मग रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून गाडी जागेवरच तपासणाऱ्या यंत्रावर), शेजारी कुणाला तरी मीटर वाचायला बसवून, सलग दोन मिनिटांचा ताण द्या. इंजिनात खडे हलल्यासारखा आवाज आला की लगेच थांबा, दोन अंश मागे घ्या. गाडी थंड झाल्यावर चारही प्लग काढून मांडा. एखाद्याचं पोर्सिलेन पांढरंफटक किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके दिसले, तर तो सिलिंडर वितळायला लागलाय असं समजा आणि सुई बदलेपर्यंत गाडी हलवू नका.

तर आधी चार आकडे मिळवून मला कळवा: चारही सिलिंडरांचं कोरडं आणि ऑइल टाकून घेतलेलं कॉम्प्रेशन, चेंबरचे मोजलेले सीसी, गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर, आणि एका मिनिटात मापात पडलेलं पेट्रोल. हेडचा फोटो काढलात तर तोही पाठवा. ब्लोअर तोवर इंग्लंडहून येऊ द्या, पण क्रँकची पुली टर्नरकडे टाकू नका. तिचा व्यास या आकड्यांवरून ठरेल.